ल्युबेकचं मारियनकिर्शे, 1:50: एका खणाचं काम कुठवर आलं

उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरातल्या मारियनकिर्शे या विटांच्या चर्चच्या एका भागाची प्रतिकृती मी करतोय, मूळच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी. काल रात्री तिच्या घुमटीच्या, म्हणजे कमानदार छताच्या, फासळ्या बसल्या. जमिनीपासून 77 सेंटिमीटर. डायनिंग टेबलचा अर्धा भाग पाच महिने माझ्या ताब्यात आहे आणि घरच्यांनी आता त्यावर बोलणंही सोडून दिलंय.

सुरुवात केली तेव्हा सगळं चर्च 1:200 मध्ये करायचा बेत होता. जेमतेम 125 मीटरचे दोन मनोरे म्हणजे साडेबासष्ट सेंटिमीटर, कपाटावर मावले असते. मग विटेचा हिशेब केला. तिथली वीट साधारण 28 सेंटिमीटर लांब आणि 9 जाड. 1:200 मध्ये जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते. विटांचं चर्च करायचं आणि वीटच दिसायची नाही, तर मग मेहनत कशाची? म्हणून बेत बदलला. मधल्या दालनाचा फक्त एक खण, मधोमध कापलेला, 1:50 मध्ये. आपल्या वाड्यांचे खण मोजतात तसाच हा, दोन खांबांमधला. फक्त उंची 38.5 मीटर. विटेत बांधलेल्या घुमटीची एवढी उंची जगात दुसरीकडे नाही.

हे चर्च मी पहिल्यांदा पाहिलं ते कामानिमित्त हॅम्बर्गला असताना, एका रविवारी पाऊण तासाची ट्रेन पकडून. बाहेरून बघताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: हा आराखडा मुळात फ्रान्समधल्या दगडी कॅथेड्रलचा आहे. उंच मधलं दालन, दोन्ही बाजूंना बुटकी दालनं, आणि मधल्या दालनाच्या भिंतींना बाहेरून टेकू देत वरून झेपावणाऱ्या आधार-कमानी. पण बाल्टिकच्या किनाऱ्यावर घडवायला योग्य दगड नव्हता, माती मात्र हवी तेवढी. शहरातल्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा होता आणि बिशपच्या कॅथेड्रलपुढे आपलं चर्च उठून दिसावं ही ईर्ष्याही. त्यामुळे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी तोच आराखडा विटेत उतरवायला घेतला.

दगडाला छिन्नी लावून पानंफुलं काढता येतात. विटेत तसं करायला गेलं की कपची उडते. मग कोनाकोपऱ्याच्या विटा आधीच साच्यात थापून भाजायच्या: गोल कडेची वेगळी, खाचेची वेगळी, फासळीची वेगळी. म्हणून खिडक्यांची नक्षी साधी, भिंती सपाट आणि सगळा परिणाम उंचीवर आणि सावलीवर. मला तरी ते फ्रेंच कोरीवकामापेक्षा जास्त भावतं. (वाद घालायची तयारी आहे.)

आता विटांबद्दल. पहिल्या प्रयत्नात एकेक वीट कापली, 5.6 मिलिमीटरची. तीन आठवड्यांत अकरा सेंटिमीटर भिंत आणि मानेला पट्टा. शिवाय रचनाही चुकली होती. मी एक लांब, एक आखूड असं लावत गेलो. फोटो मोठा करून पाहिला तर दोन विटा लांबीने आणि मग एक रुंदीने. उत्तर जर्मनीत त्या काळी हीच पद्धत सर्रास होती. सगळं खरवडून काढलं.

दुसऱ्या प्रयत्नात हवेवर सुकणाऱ्या मातीची दोन मिलिमीटरची पोळी लाटून माउंटबोर्डवर, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर, चिकटवली. थरांच्या रेघांसाठी उवांची फणी! एकाआड एक दात मोडले की साधारण दोन मिलिमीटरचं अंतर मिळतं, म्हणजे वीट अधिक सांधा. उभे सांधे कटरच्या मागच्या टोकाने. सुकल्यावर वर पातळ पांढरी पुट्टी फिरवून ओल्या फडक्याने पुसायची, सांध्यांत तेवढी राहते. लाल रंग एकच वापरू नका. तीन छटा करा आणि मधूनच एखादी वीट जवळजवळ काळी, भट्टीत जास्त भाजल्यासारखी.

घुमटीने मात्र चांगलाच धडा दिला. आधार-कमानी नंतर लावू म्हणून आधी प्लास्टरची घुमटी ओतली. सकाळी बघतो तर दोन्ही भिंती वरच्या बाजूला बाहेर झुकलेल्या, ओळंब्याने मोजलं तर दोन मिलिमीटर. घुमटी भिंतींना बाहेर ढकलते हे वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या टेबलावर ढकललेलं बघणं वेगळं. घुमटी फोडली, आधी आधार-कमानी बसवल्या, मग नव्याने फासळ्या. विटेच्या या कमानी दगडी कमानींसारख्या नाजूक नसतात, चांगल्या दणकट, कोनदार असतात. त्यांचं वजनही कामाचंच.

दुसरी फजिती छपराची. दोन शनिवार-रविवार घालवून बाल्साच्या हलक्या लाकडी पट्ट्यांची कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, केली, आणि मग वाचलं की आज तिथे लाकूड नाहीच. 28 मार्च 1942 च्या रात्री बॉम्बहल्ल्यात चर्च पेटलं, छप्पर कोसळलं, दक्षिण मनोऱ्यातल्या घंटा खाली आपटून फुटल्या. त्या अजून तिथेच, पडल्या जागी ठेवल्या आहेत. नंतरच्या बांधणीत आगीच्या भीतीने छपरात आणि मनोऱ्यांच्या टोकांत लाकूड टाळून हलकं काँक्रीट वापरलं, वर तांब्याचा पत्रा. माझी कैची आता खोक्यात आहे.

आतल्या रंगकामाचं अजून ठरत नाहीये. आगीच्या उष्णतेने चुन्याचे थर गळाले आणि खालची मध्ययुगीन चित्रं उघडी पडली. ती दुरुस्त करायला नेमलेल्या चित्रकार लोथार माल्सकाटने वेदीकडच्या भागात चक्क स्वतःच्या मनाने संत रंगवले. 1951 मध्ये थाटात सोहळा झाला, टपाल तिकिटं निघाली, आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःच सगळं कबूल केलं. ते संत पुढे पुसून टाकले. माझा खण मधल्या दालनातला आहे म्हणून वाचलो, पण तिथल्या चित्रांवरही बराच हात फिरलाय. त्यामुळे माणसांच्या आकृती नकोतच. फासळ्यांच्या कडेचे रंगीत पट्टे आणि वेली तेवढ्या काढेन. ब्रश तीन शून्यांचा, अगदी बारीक टोकाचा, आणलाय.

पुढच्या आठवड्यात घुमटीची पोकळी भरायची. यावेळी प्लास्टर पातळ आणि दोन हप्त्यांत ओतणार.