पाचवा डबा

परवा दुपारी जेवणं आटपली, ओटा पुसून झाला, जिरावणाचा, म्हणजे आमच्या इंदौरी मसाल्याचा, डबा जागेवर ठेवत होते तेवढ्यात लेक मोबाईल घेऊन आली. आई हे बघ, हा माणूस लागोपाठ 74 वेळा जिंकलाय. मी म्हटलं कशात, रमीत? तर म्हणे क्विझमध्ये. ती पीएससीच्या क्लासला भंवरकुआंला जाते, त्यामुळे क्विझ बघणं हा आमच्याकडे अभ्यासात धरला जातो, काही बोलायची सोय नाही.

मग काय, हात पुसत पुसत बसलेच. अमेरिकेतला जेपर्डी म्हणून कार्यक्रम. तिथली रीत उलटी, उत्तर समोर ठेवतात आणि खेळणाऱ्याने प्रश्न सांगायचा, म्हणजे 'कोण आहे अमका' किंवा 'काय आहे तमकं' असं म्हणायचं. जो जिंकेल तो दुसऱ्या दिवशी परत येतो आणि दोन नवीन बकरे त्याच्यासमोर उभे करतात. पूर्वी पाच वेळा जिंकलं की नमस्कार करून घरी जायचं असा नियम होता, तो 2003 मध्ये काढला आणि पुढच्याच वर्षी हा केन जेनिंग्ज आला, युटाहचा सॉफ्टवेअर इंजिनियर, आणि जून ते नोव्हेंबर हलायलाच तयार नाही. पंचवीस लाख डॉलरच्या वर घेऊन गेला.

आपल्याकडे असं परत येणं नाहीच. केबीसीत एकदा जिंकलात की चेक घ्या, टाळ्या घ्या, गावी जा. 2000 साली हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकले तेव्हा आमच्या गल्लीत असं वातावरण होतं की जणू कोटी इथेच वाटून घ्यायचेत, मुंबईचा असला म्हणून काय झालं, मराठी ना. पण तो काही दुसऱ्या दिवशी परत हॉट सीटवर आला नाही. रोज तोच माणूस जिंकताना बघायचं म्हणजे वेगळंच प्रकरण. पहिले पाच दिवस कौतुक, मग सवय, आणि मग, खरं सांगते, आतून वाटायला लागतं की आता पडावा एकदा. आणि पडला की वाईट पण आपल्यालाच वाटतं.

इंदौरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. 2017 पासून स्वच्छतेत आपण पहिले, सात वर्षं लागोपाठ, शेवटी शेवटी सूरतबरोबर वाटून घ्यावा लागला, आणि मग आपल्याला उचलून सुपर लीग का काय त्यात नेऊन ठेवलं. शेजारचे काका तेव्हा म्हणाले होते, भिया हरवता येत नाही तर वर्गच बदलला. ते अभिमानाने म्हणाले की कंटाळून, अजून कळलेलं नाही.

तर क्विझ. आमच्या घरात हे वेड बाबांचं. 85 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाइम लागायला लागलं, सगळं इंग्रजीत, कॉलेजची पोरं समोर, आणि बाबा खुर्चीच्या अगदी टोकाला बसून. बाबा एका सीएकडे नोकरीला होते, त्यांचं इंग्रजी म्हणजे बॅलन्सशीटचं. प्रश्न अर्धा कळायचा, तोवर तिकडचा मुलगा उत्तर देऊन मोकळा, की लगेच बाबा मांडीवर थाप मारून, अरे हे मला येत होतं! दर वेळी. शेवटी आईने आतून पोळ्या लाटता लाटता नियम काढला की आधी बोललात तरच धरणार, नंतरचं खात्यात नाही. खातं म्हणजे शेवेची वाटी. बरोबर उत्तराला एक चमचा शेव. बाबा त्या काळात बारीकच राहिले.

(जेपर्डीत पण असलंच काहीतरी आहे म्हणे, प्रश्न वाचून संपायच्या आत बटण दाबलं तर क्षणभर ते चालतच नाही. म्हणजे नुसतं माहीत असून उपयोग नाही, कधी दाबायचं तेही कळायला हवं. आईला हे सांगायला हवं होतं, तिने तिथल्या नियमांतही दोन सुधारणा केल्या असत्या.)

आणि आमचा स्वतःचा चॅम्पियन होता दादा, म्हणजे माझा आतेभाऊ. गणपतीत आमच्या कॉलनीत प्रश्नमंजूषा असायची, मखराच्या समोरच सतरंजी टाकून, माइक कायम चिं चिं करणारा, प्रश्न वाचणारे काका चष्मा घरी विसरून आलेले. राजवाड्याला आग कधी लागली, अहिल्याबाईंनी राजधानी कुठे नेली असले प्रश्न, मध्येच एखादा पुराणातला. दादा चार वर्षं लागोपाठ पहिला. मी चार वर्षं लागोपाठ दुसरी. हे दुसरं कोणी मोजत नसे, मी मोजायचे. पहिल्याला स्टीलचा डबा, बर्तन बाजारातून आणलेला, वर नाव घालून, 'प्रथम क्रमांक' आणि साल. दुसरीला कंपास. माझ्याकडे चार कंपास होते आणि भूमितीत पास होताना मारामार.

पाचव्या वर्षी दादाला ऐन गणपतीत कांजिण्या झाल्या. देवीची कृपा म्हणून कडुलिंबाचा पाला गादीखाली घालून त्याला माजघरात झोपवला, तिथून माइकचा आवाज ऐकू यायचा आणि तो म्हणे पडल्या पडल्या उत्तरं देत होता, आत्या सांगायची. इकडे मी पहिली आले. सोपं गेलं असं नाही, शेवटचे दोन प्रश्न तर देवाचं नाव घेऊन ठोकले. मग बक्षीस समारंभ, नाव पुकारलं, मी फ्रॉक सारखा करत वर गेले, डबा हातात घेतला आणि बघते तर वर दादाचं नाव.

समितीने आठ दिवस आधीच नाव घालून आणलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं, चार वर्षांचा अनुभव होता. एक काका म्हणाले बेटा पुसून देऊ, तर पत्र्यावर टोचलेलं नाव कसं पुसणार. आई म्हणाली राहू दे, घरचंच नाव आहे. बाबा मात्र त्या रात्री, सीझन होता त्यांचा, दहा वाजून गेल्यावर ऑफिसातून आले, डबा दिव्याखाली उलटसुलट करून बघितला आणि न बोलता मला शेवेची अख्खी वाटी दिली.

तर तो जेनिंग्ज हरला कसा, हे लेकीने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. 30 नोव्हेंबरचा भाग. शेवटचा प्रश्न, पैसे लावून लिहायचा असतो तो. या कंपनीचे 70 हजार हंगामी व्हाइट कॉलर कर्मचारी बहुतेक वर्षातून चारच महिने काम करतात, ती कंपनी कोणती? त्याने लिहिलं फेडएक्स. उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, तिकडची लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणारी कंपनी. मी अक्षरशः मांडीवर थाप मारली. कंपनीचं नाव मला जन्मात आलं नसतं, पण चार महिने मान वर न करता राबणारी माणसं म्हटल्यावर टॅक्सवाले, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोराने सांगितलं असतं! लेक म्हणाली, आधी बोललीस तरच धरणार. आजीचा नियम हिच्यापर्यंत कसा पोचला कोण जाणे.

हरवणारी बाई नॅन्सी झर्ग, जमिनी-घरांचे व्यवहार करणारी. त्याच्याकडे त्या वेळी 14,400 होते, हिच्याकडे 10,000. हिने 4,401 लावले. म्हणजे त्याच्यापेक्षा एकच डॉलर वर, एवढाच हिशेब. बाबांना हा हिशेब फार आवडला असता. आणि दुसऱ्या दिवशी ती तिसरी येऊन घरी गेली. त्याचे 74 सगळ्यांना पाठ आहेत, आता तर तोच तो कार्यक्रम चालवतो. मी लेकीला म्हटलं त्या बाईचं अजून काही आहे का बघ, तर ती पुढच्या व्हिडिओवर गेलेली.

संध्याकाळी दादाला फोन लावला, तो पुण्याला असतो. गुडघे, सून, पाऊस झाल्यावर विचारलं, गणपतीतली प्रश्नमंजूषा आठवते का रे? एकदम खुशीत आला, म्हणाला न आठवायला काय झालं, पाच वर्षं लागोपाठ पहिला होतो मी.

मी ओट्यापाशीच उभी होते, डबा समोर. म्हटलं हो रे, डब्यावर पण तेच लिहिलंय.