किंग्ज स्ट्रीटवरची दोन चर्चं

तंजावरला गेलेला मराठी माणूस मोठं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल एवढं बघून परत फिरतो, आमचाही तोच बेत होता, पण हाताशी एक दिवस उरला आणि बायकोला समुद्र हवा होता, म्हणून तरंगमबाडी. मैलाडुतुरैपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, तीही उभ्याने, आणि उतरलो तर ऊन असलं की शहाळेवाल्याच्या सावलीतून पाय निघेना.

डॅनिश लोक या गावाला त्रांकेबार म्हणायचे. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून जागा मिळवून त्यांनी किनाऱ्यावर डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे तंजावर व्यंकोजीराजांकडे आलं, म्हणजे मग डॅनिश लोक खंडणी भरणार ती आपल्या भोसल्यांना! हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं, लाज वाटली जरा.

गावाला चक्क पांढरी वेस आहे, १७९२ ची. आत शिरलं की सरळ किंग्ज स्ट्रीट आणि त्यावरच, एकमेकांपासून चार पावलांवर, दोन जुनी चर्चं. एक झायन चर्च, १७०१ चं, डॅनिश अधिकारी-शिपाई-व्यापाऱ्यांसाठी बांधलेलं. दुसरं न्यू जेरुसलेम, १७१८ चं. इतक्या छोट्या गावात, एकाच ल्युथरन या प्रोटेस्टंट पंथाची, सतरा वर्षांच्या अंतराने दोन चर्चं कशाला?

त्याचं कारण झीगेनबाल्ग. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने धर्मप्रचारासाठी पाठवलेले दोन जर्मन तरुण १७०६ मध्ये इथे उतरले, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइन्रिक प्ल्यूत्शाउ. झीगेनबाल्ग जेमतेम चोवीस वर्षांचा. तमिळ शिकायला हा बाबा गावच्या शाळेत पोरांच्या रांगेत बसून वाळूत अक्षरं गिरवायचा, आपल्याकडच्या धूळपाटीसारखंच की! राजाने पाठवलेला माणूस, पण इथल्या डॅनिश कमांडंटला तो डोळ्यासमोर नको असायचा, शेवटी त्याने त्याला किल्ल्यात चार महिने डांबूनही ठेवलं. लोक जमायला लागले ते तमिळ बोलणारे आणि पोर्तुगीज बोलणारे, पुष्कळसे युरोपियन घरांतले नोकर आणि गुलाम. आता यांना साहेबांच्या चर्चमध्ये साहेबांच्या शेजारी कोण बसवणार, म्हणून १७०७ मध्ये समुद्राजवळ यांचं वेगळं छोटं चर्च झालं, ते टिकलं नाही आणि मग हे न्यू जेरुसलेम.

आम्ही पोचलो तेव्हा दार बंद. शेजारच्या घरातून एक आजोबा किल्ली घेऊन आले, तमिळ आम्हाला येत नाही, हिंदी त्यांना येत नाही, खाणाखुणांवर काम चाललं. दर्शनी भिंतीवर वर मुकुट आणि त्याखाली फ्रेडरिक राजाची मोहर, १७१८ सकट. चपला बाहेर काढून आत गेलो, फरशी गार, वर पंखे, ट्यूबलाइट, सगळं रोजच्या वापरातलं. आजोबांनी वेदीजवळ बोट दाखवलं. झीगेनबाल्गची कबर. चर्चचं उद्घाटन ऑक्टोबर १७१८ ला झालं आणि फेब्रुवारी १७१९ ला तो गेला, छत्तीस वर्षांचा. तेवढ्या आयुष्यात त्याने तमिळमध्ये नवा करार छापून घेतला होता, इथेच, गावातल्या छापखान्यात.

चर्च क्रॉसच्या आकाराचं आहे, चार बाजूंना चार हात. मी मध्यभागी उभा राहून त्या हातांकडे बघत होतो, कारण वाचलं होतं की साहेबांपासून वेगळं झालेल्या या मंडळीत पुढे आपसातच भिंत उभी राहिली, वरच्या जातीचे ख्रिश्चन एकीकडे आणि दलित ख्रिश्चन दुसरीकडे बसायचे. देव बदलला, पंगत तीच राहिली! पण याच मंडळीतून १७३३ मध्ये आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाद्री केलं, प्रोटेस्टंटांमधला पहिला भारतीय पाद्री तो, हेही तितकंच खरं.

आदल्याच दिवशी तंजावरला शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आम्ही फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेलं संगमरवरी शिल्प पाहिलं होतं, मरणाच्या दारात असलेला श्वार्ट्झ पाद्री आणि त्याच्या उशाशी तंजावरचे सरफोजीराजे. श्वार्ट्झने १७५० मध्ये कामाला सुरुवात केली ती याच गावात. तुळजाराजांच्या पश्चात पोरक्या सरफोजींना सांभाळणारा, शिकवणारा हाच. राजे हिंदूच राहिले, पण पाद्रीबाबाला विसरले नाहीत.

१८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकून टाकलं. झायन चर्च अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्रजांच्या पंथाकडे गेलं, आता ते चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे. म्हणजे ल्युथरन राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी बांधलेलं चर्च ल्युथरन राहिलंच नाही आणि ज्यांना तिथे जागा नव्हती त्यांचं चर्च अजून ल्युथरन आहे, १९१९ पासून तमिळ ल्युथरन चर्चच्या ताब्यात.

आजोबांनी दार लावलं, किल्ली कमरेला खोचली. बायको केव्हाच समुद्रावर पोचली होती.