दुधाच्या पिशवीचा कोपरा

आमच्याकडे सकाळी दुधाच्या दोन पिशव्या येतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांचा कोपरा कात्रीने उडवत आले. नखाएवढा त्रिकोण ओट्यावर पडायचा, फडक्याने पुसला की मोरीत. गेल्या वर्षी मे महिन्यात सिंक तुंबलं. प्लंबरने खालचा पाईप उघडला आणि बादलीत भात, चहाचा चोथा आणि काळपट बुळबुळीत त्रिकोणांचा हा एवढा लगदा पडला. सासूबाई बघून म्हणाल्या, "हे काय, कढीपत्ता का?"

तेव्हापासून कोपरा तोडत नाही. तिरकी चीर देते, कोपरा पिशवीलाच लटकतो. पिशवी विसळते, ते पाणी कणकेत जातं, पिशवी नळावर उलटी वाळते. हे सासूबाई चाळीस वर्षांपूर्वीपासून करत होत्या आणि मी नवी सून असताना मला त्याची लाज वाटायची. पाहुणे आले की मी नळावरच्या पिशव्या गुपचूप काढून ठेवायचे. आता भंगारवाला येतो तेव्हा त्या रद्दीबरोबर वजनावर जातात.

आम्ही विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात राहतो. इथल्या माणसाला कचरा कुठे जातो ते शिकवावं लागत नाही. कांजूरचं डम्पिंग खाडीच्या कडेला आहे. रात्री वारा फिरला की झोपलेला माणूस उठून खिडकी लावतो. माझा भाऊ गोवंडीला असतो, त्याच्या तर देवनार उशाशी. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धुरामुळे त्याच्या पोरांची शाळा बंद होती आणि पोरं खोकत आमच्याकडे राहायला आली होती. पण खरं सांगायचं तर त्यानंतरही मी रोज संध्याकाळी सगळा कचरा एकाच पिशवीत बांधून खाली ठेवत होते. वास येतो तो दुसऱ्यांच्या कचऱ्याचा, असंच वाटतं ना आपल्याला.

सिंकच्या प्रकरणानंतर मात्र अंगात आलं. ग्रिलमध्ये तुळशीशेजारी मातीच्या दोन कुंड्या ठेवल्या आणि ओला कचरा घरीच जिरवायचा ठरवलं. मुहूर्त निवडला जूनचा. याहून मोठा मूर्खपणा नाही. बाहेर पाऊस, घरात आंब्याची सालं. दोन आठवड्यांत कुंडीत चिलटं, मग पांढऱ्या अळ्या, आणि तळाच्या भोकातून चहासारखं पाणी थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. काकू चादर घेऊनच वर आल्या. मी चादर धुऊन, इस्त्री करून, सोबत डाळिंब्यांची उसळ देऊन परत केली. "कचऱ्याला काय आता घरात पुजायचंय?" हे सासूबाईंचं वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

चूक ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितली. ती फोर्टपर्यंत माझ्यासोबत स्लो लोकलने येते आणि तिच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या आहेत. मी नुसतं ओलं ओलं टाकत होते. ओली सालं खाली बसतात, मधली हवा संपते, आणि मग ते कुजत नाही, सडतं. जेवढं ओलं, तेवढंच सुकं पाहिजे: वाळलेली पानं, फाडलेला पेपर, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, नारळाच्या शेंड्या, लाकडाचा भुसा. भुसा नाक्यावरच्या सुताराकडे मिळतो, पण त्याला आधी विचारायचं की सागाचा आहे की प्लायचा. प्लायच्या भुशात गोंद असतो, तो नको. आता प्रत्येक वाटीभर सालीवर वाटीभर भुसा पडतो, दोन दिवसांआड जुन्या उलथन्याने ढवळते. मासळीचे काटे अजून टाकत नाही. मांजरांशी आणि सासूबाईंशी एकाच वेळी भांडायची माझी तयारी नाही.

अडीच महिन्यांनी पहिली कुंडी उपडी केली. काळंभोर, भुरभुरीत, हातात घेतलं तर हात ओला होत नाही. आंब्याच्या दोन कोयी मात्र होत्या तशाच. सासूबाईंनी वास घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि दुपारी मी ऑफिसात असताना त्यातलं अर्धं त्यांच्या ओव्याच्या कुंडीत गेलं.

बाकीचं काही जमलं, काही नाही. बांबूचे ब्रश पावसाळ्यात बुरसले, ते गेले. मासळीला स्टीलचा डबा नेते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सुरू केलं होतं, मध्ये सुटलं, आता कोळीणच आधी डब्यासाठी हात पुढे करते. मुलाची वेफर्सची पाकिटं बंद करायचा प्रयत्न केला. तो हरलेला सामना आहे.

तेलाचं मात्र सांगायला हवं. नवऱ्याचं बीपी वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी मीठ आणि तेल कमी करा म्हणून सांगितलं. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचाही नाही, आणि त्यातच लोणचं, पापड, सुकट सगळं धरायचं. सुकटीबद्दल घरात दोन दिवस सुतक होतं. तेलाला डॉक्टर म्हणाले, माणशी महिन्याला अर्धा लिटर. मी म्हटलं, आपलं तेवढंच असेल. तरी पाच लिटरच्या कॅनवर उघडल्याची तारीख मार्करने लिहिली. चार माणसांत कॅन संपला २३ दिवसांत. अर्ध्या लिटरच्या हिशोबाने तो अडीच महिने पुरायला हवा होता!

मी कुणालाही काही म्हटलं नाही. फक्त तेलाच्या भांड्यातली पळी काढून तिथे चमचा ठेवला. पळीने फोडणी घालताना हात आपोआप तिरका होतो, चमच्याने मोजावंच लागतं. पुढचा कॅन ३६ दिवस गेला. तळण राहिलं, पण लहान कढईत. उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही, यावर सासूबाईंशी अजून तह व्हायचा आहे.

दिवाळीच्या आधी नवा कॅन आणला आणि मार्कर शोधायला गेले, तर तो जागेवर नव्हता. कॅनवर आधीच लिहिलेलं होतं, सासूबाईंच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात: "फराळाचे तेल. मोजू नये."