दाखवायच्या गाड्या

आपल्याकडे गाडीची चौकशी एका प्रश्नाने सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते: "ॲव्हरेज किती देते?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही, पेट्रोल त्यालाच भरायचं असतं. पण काही गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारायची सोयच नाही, कारण त्या विकायला काढलेल्याच नव्हत्या. प्रदर्शनात फिरत्या चबुतऱ्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे डोळे दिपवायचे, एवढंच त्यांचं काम. कन्सेप्ट कार म्हणजे कंपनीचे दाखवायचे दात. खायचे दात तिकडे कारखान्यात निमूटपणे तयार होत असत.

या खानदानाची मूळ गाडी बहुतेक जण १९३८ची ब्यूक वाय-जॉब मानतात. ती घडवून घेणारा हार्ली अर्ल हा जनरल मोटर्समधला डिझाइनचा साहेब. स्वतः सहा फुटांहून उंच, पण गाडी मात्र त्याला लांब आणि जमिनीलगतची हवी असायची. वाय-जॉबचे हेडलाइट झाकणाआड लपायचे, काचा विजेवर वरखाली व्हायच्या. कौतुक सोहळा आटोपल्यावर साहेबांनी ती वर्षानुवर्षं घरच्या गाडीसारखी वापरली. पुढे १९५१मध्ये त्याने ले सेबर दाखवली. गाडी उघडी उभी असताना पाऊस आला, की तिचा टप आपोआप वर यायचा. अशी गाडी डेट्रॉइटला ठेवण्यात काय अर्थ? जुलैत कोकणात आणून उभी केली असती, म्हणजे कळलं असतं.

माझा जीव मात्र इटलीतल्या तुरीनच्या गाड्यांत अडकलाय. १९५३, ५४ आणि ५५, अशी सलग तीन वर्षं तिथल्या बेर्तोने या गाड्यांची बॉडी घडवणाऱ्या कारखान्याने अल्फा रोमिओच्या १९०० या साध्या गाडीच्या चेसिसवर एकेक अजब गाडी चढवली: बॅट ५, बॅट ७, बॅट ९. आरेखन फ्रांको स्काल्योनेचं. यातली मधली, बॅट ७, मी फोटोत कितीही वेळ बघू शकतो. दारामागून दोन पंख उठतात, मागे जाता जाता आत वळतात आणि मागच्या काचेवर एकमेकांकडे झुकतात. काचेच्या मधोमध एक कणा. मागची चाकं जवळजवळ पूर्ण झाकलेली. बघणाऱ्याला वाटावं, नुसता नखरा आहे. पण गाडीला वाऱ्याचा होणारा अडथळा मोजतात त्या हिशेबात तिचा आकडा ०.१९ निघाला, आणि हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. आजच्या महागड्या इलेक्ट्रिक गाड्या ०.२०च्या घरात आल्या की कंपन्या जाहिरातीत मिरवतात, आणि त्यांच्या दिमतीला संगणकांची फौज असते. स्काल्योनेपाशी पेन्सिल होती, गणित होतं आणि कारखान्यातली पत्रा ठोकणारी माणसं होती.

ही माणसं काय करत होती ते बघण्यासारखं आहे. गाडीच्या मापाचा लाकडी सांगाडा उभा करायचा. पत्र्याचा तुकडा घ्यायचा, वाळूच्या पिशवीवर किंवा खळगा पाडलेल्या ओंडक्यावर ठेवून हातोडीने फुगवत न्यायचा, सांगाड्यावर लावून बघायचा. नाही बसला? पुन्हा खाली, पुन्हा ठोका. पुण्याच्या तांबट आळीत हंड्याच्या पोटावर मठारकाम चालतं ना, जवळपास त्याच जातीचं काम. फक्त इथे भांडं चार-पाच मीटर लांब, आणि वरून ठोक्याची एकही खूण राहता कामा नये. मग तुकडे गॅसवर जोडायचे, सांधे कानशीने घासायचे, बोटं फिरवून लाट शोधायची. डोळ्याला दिसत नाही ती लाट तळहाताला लागते, हे कुठलाही चांगला डेंटर आजही सांगेल. एवढं करूनही त्या काळच्या हाती घडवलेल्या इटालियन गाड्यांची डावी-उजवी बाजू मोजली, तर काही मिलिमीटर इकडेतिकडे सापडतात. मला हे फार आवडतं. रॉकेटच्या युगाची म्हणून मिरवलेली गाडी, आणि तिच्या एका गालावर डावखुऱ्या कारागिराचा हात! स्काल्योनेचं नाव झालं, व्हायलाच हवं होतं. त्या हातांची नावं मात्र ब्रोशरमध्ये छापायची पद्धत नव्हती.

कधीकधी तर सगळी मेहनतच पाण्यात जायची, अगदी शब्दशः. क्रायस्लरने नॉर्समन नावाची गाडी तुरीनच्याच गिया या कारखान्याकडून घडवून घेतली. पुढच्या काचेला आधाराचे खांबच नाहीत, छत मागच्या बाजूने पुढे झेपावलेलं. ती न्यूयॉर्कला निघाली ती आंद्रेया दोरिया या बोटीने. जुलै १९५६मध्ये बोटीला दुसऱ्या जहाजाची टक्कर बसली आणि ती बुडाली. दोन्ही जहाजांवरची मिळून पन्नासेक माणसं दगावली. तिथे गाडीचा शोक करणं बरं दिसत नाही. तरी चुटपुट लागतेच. एकाही प्रदर्शनात ती उभी राहिली नाही.

त्यामानाने १९७०च्या स्त्रातोस झीरो या कन्सेप्ट कारचं नशीब थोर. मार्चेल्लो गांदिनीने बेर्तोनेसाठी काढलेली ही पाचर उंचीला अवघी ८४ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाहून हातभर नाही, पण चार बोटं जास्त. दारं नाहीत. पुढची काच वर उचलायची, नाकावर पाय ठेवायचा आणि आत जाऊन आडवं व्हायचं. आमच्या मावशीला यात बसवायची कल्पना करून मी एकटाच हसलोय. बेर्तोनेचा मालक नुच्चो बेर्तोने ती स्वतः चालवत लान्चा या इटालियन गाडी कंपनीच्या कारखान्यावर गेला आणि फाटकाचा अडसर न उघडताच त्याखालून सरळ आत शिरला, असा किस्सा सांगतात. त्यातून लान्चाचं मन वळलं आणि पुढे रॅलीची स्त्रातोस निघाली. तिने १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅलीचं विजेतेपद लान्चाला मिळवून दिलं. ती गुणी गाडी आहे, वाद नाही. पण तिला दारं आहेत, चारचौघींसारखी. निवड करायची वेळ आली, तर मी आपला काच उचलून आत सरपटणाऱ्यांतला.