नाईट झाली, झोप काही येईना

कॅज्युअल्टीत नर्स आहे, नाईट ड्युटी करून घरी आले, अंघोळ झाली, चहा झाला, तरी डोळा लागेना म्हणून लिहितेय.

काल रात्री एक आजोबा आले १०८ ॲम्ब्युलन्समधून. फुफ्फुसाचा कॅन्सर, फाईल एवढी जाड, आणि शेवटच्या कागदावर सरळ लिहिलेलं की आता घरीच सेवा करा. घरचे करतही होते हो, पण रात्री दीड वाजता श्वास लागला की कोण शांत बसणार, घाबरून आणलं. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, रात्री कुणाला फोन करायचा हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलगा म्हणतो सगळं करा, मुलगी म्हणते आता नळ्या नको. डॉक्टरांनी समजावलं, ट्यूब टाकली तर व्हेंटिलेटरवर जातील, आजार काही बरा होणार नाही. मग ट्यूब नको अशी सही झाली आणि डॉक्टर पुढच्या पेशंटकडे पळाले, बाईकवरून पडलेला पोरगा होता, त्यांनाही जाणं भाग होतं. आता करण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात ना, तिथून पुढे आमचं काम चालू होतं आणि ते खूप असतं.

आधी मॉनिटर फिरवला. नातेवाईक माणसाकडे बघतच नाहीत, सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा, आकडा बघत बसतात, ६८ चं ७० झालं की चेहरा खुलतो, ६५ झालं की सिस्टर सिस्टर. स्क्रीन भिंतीकडे केली, अलार्म बंद, तेव्हा कुठे मुलाने बापाचा हात धरला. डोक्याकडची बाजू वर केली. धाप कमी व्हायला थोडं मॉर्फिन लागतं, ते कुलपात, त्याची चावी, रजिस्टर, सही, एकेका अँप्यूलचा हिशोब, अमली पदार्थांचा कायदा २०१४ ला सैल झाला म्हणतात पण आमचं कपाट काही सैल झालं नाही. घशात घरघर सुरू झाली तसं मुलगी रडायला लागली, तिला सांगितलं ताई हा साठलेल्या स्रावाचा आवाज आहे, त्यांना बहुतेक याचा त्रास होत नाहीये, कुशीवर वळवू. तिने पर्समधून गंगाजलाची बाटली काढली, थेट तोंडात ओतलं असतं तर ठसका लागला असता, म्हणून कापूस भिजवून ओठांवर लावायला दिला. बाजूच्या कॉटवर दारू प्यायलेला एकजण आईमाईवरून शिव्या देत होता, वॉर्डबॉय मामांनी त्याला कसाबसा पलीकडे नेला.

पावणेपाचला गेले. सरळ रेघेचा ईसीजी फाईलला लावला, मग हनुवटीला बँडेज, पायाचे अंगठे बांधले, टॅग लावला, तोपर्यंत कॉट कधी रिकामा होतोय म्हणून दुसरा पेशंट स्ट्रेचरवर वाट बघतोय. नोट्समध्ये या सगळ्याच्या जेमतेम दोन ओळी.

लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, २०२३ ला नियम सोपे केले, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो, पण कॅज्युअल्टीत तो कागद घेऊन आलेलं अजून कुणी बघितलं नाही मी. मघाशी नवऱ्याला म्हटलं आपण दोघांनी करून ठेवू या, तर म्हणे सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस, आधी पोहे खा. पोहे खाल्ले. संध्याकाळी परत विषय काढणार आहे.