एफ-७ फुटला : पाया २ सोडला आणि वाट मोकळी झाली

मागच्या नोंदीत एफ-६ या फर्मा संख्येवर (एफ-न म्हणजे २^(२^न) + १) प−१ ही अवयव पाडायची पद्धत लावतोय, असं लिहिलं होतं. तीत एका पायाचा मोठा घात घ्यायचा (घातांक म्हणजे ठरवलेल्या सीमेपर्यंतच्या संख्यांचा लसावि), त्यातून १ वजा करायचा आणि फोडायच्या संख्येशी मसावि काढायचा; अवयव प असेल आणि प−१ चे तुकडे सीमेच्या आत असतील, तर प हाती लागतो. मध्ये बरेच दिवस घोडं अडलं होतं, त्याबद्दलच सांगायचंय.

एफ-६ म्हणजे २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७. हिचा प्रत्येक मूळ अवयव क × २५६ + १ या रूपाचा, म्हणून घातांकात २५६ आधीच गुणून ठेवले. सीमा अगदी लहान, २०. तरी मसावि दर वेळी आख्खी संख्याच! सीमा बदलली, लसावि नव्याने काढला, गुणाकार जीएमपी या मोठ्या संख्यांच्या सॉफ्टवेअर लायब्ररीकडून ताडून घेतले. सगळं चोख, उत्तर मात्र तेच.

गोम पायात निघाली. पाया होता २. एफ-६ ने भागल्यावर २^६४ ची बाकी −१, म्हणून २^१२८ ची बाकी १. तीही दोन्ही अवयवांसाठी एकदमच. मग मसावि त्यांना वेगळं करणार कसं? पाया ३ घेतला आणि २७४१७७ टपकन हाती आला. त्यातून १ वजा करा : २^८ × ३^२ × ७ × १७. सगळं २० च्या आत! दुसरा अवयव ६७२८०४२१३१०७२१. त्याच्या प−१ मध्ये २९९८२७९ बसलाय, म्हणून तो अडकून राहिला आणि जोडी फुटली. फ्रेंच गणिती लँड्री यांनी हे अवयव १८८० मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, हाताने काढले होते. तो आकडा पडद्यावर उमटला तेव्हा अंगावर काटा आला.

पुढे एफ-७, ३९ अंकी. इथे रो पद्धत (एकाच सूत्रातून पुढची पुढची बाकी काढत जायची आणि दोन बाक्यांच्या फरकाचा मसावि तपासायचा), पण सूत्र क्ष^२ + १ ऐवजी क्ष^५१२ + १, कारण अवयव क × ५१२ + १ या रूपाचे आहेत. एका पायरीला नऊ वर्ग करावे लागतात, पण पायऱ्या सुमारे बावीस पटींनी घटतात. ब्रेंट आणि पोलार्ड यांनी १९८० मध्ये एफ-८ अशाच युक्तीने फोडला. सुरुवात नेहमीसारखी २ पासून केली, तर क्रम जागचा हलेना! २^५१२ ची बाकी १, अधिक १, परत २. पुन्हा तोच २! ३ पासून सुरू केलं आणि ५९६४९५८९१२७४९७२१७ बाहेर पडला. फर्मा संख्यांमध्ये २ वर भरवसा ठेवूच नका. २ च्या पायाने तपासली तर प्रत्येक फर्मा संख्या मूळ असल्यासारखीच दिसते. फर्मा संख्या मूळ आहे का हे ठरवणारी पेपँ यांची कसोटी ३ वर चालते, ती उगाच नाही.

पायथॉन कल्पना चाचपायला उत्तम, लांब फेऱ्यांना सी आणि जीएमपीच हवं. पारी हे गणिती सॉफ्टवेअर एफ-७ क्षणात फोडतं, पण मी ते फक्त पडताळणीला वापरतो. वाट स्वतः शोधण्यातच खरा आनंद.

आता लंबवर्तुळी वक्रांनी अवयव पाडायच्या पद्धतीकडे वळणार होतो, पण लिहिता लिहिता लक्षात आलं : एफ-८ ७८ अंकी असला तरी त्याचा लहान अवयव १६ अंकी आहे, एफ-७ च्या १७ अंकी अवयवापेक्षाही लहान. म्हणजे रो तिथे उलट लवकर पोचायला हवी. वक्र थांबू देत. घातांक १०२४, सुरुवात ३, आज रात्रीच लावतो.