जिभेवरचं विरजण

"आई, तोंड तिकडे कर ना," गोष्ट सांगताना सहा वर्षांची लेक म्हणाली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभर लवंग, बडीशेप, पोट साफ व्हायचं चूर्ण, सगळं करून झालं होतं. तोंडाचा वास पोटातून येतो, असंच जो तो सांगायचा.

डेंटिस्ट मॅडमनी पोटाचं नावही काढलं नाही. प्लॅस्टिकचा चमचा जिभेच्या पार मागे फिरवला, त्यावर पिवळट साय आली. ती त्यांनी माझ्याच नाकाशी धरली. तोच वास! मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "लाजू नका. तिथे हवा फारशी पोचत नाही. तिथले जंतू प्रथिनं कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू सुटतात."

आधी स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण काढणं, झालं. मग तीन दिवस क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या. त्याच चालू ठेवू का, विचारलं तर ठाम नाही म्हणाल्या. दातांवर डाग पडतात, चव बिघडते, शिवाय चांगले जंतूही मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत चांगले जंतू पेरायचे, म्हणून चोखायची गोळी: स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस के१२. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचे जॉन टॅग यांना हा जंतू निरोगी घशाच्या एका मुलाच्या तोंडात सापडला. तो सॅलिव्हेरिसिन नावाचे पदार्थ सोडतो, त्यामुळे शेजारच्या काही जंतूंची वाढ खुंटते. आधी गुळण्या, मग गोळी, हा क्रमही टॅग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली छापलेल्या प्रयोगातलाच. मला विरजण आठवलं. भांडं खरकटं असेल तर कितीही चांगलं दही घाला, दूध नासतंच.

रात्री दात घासायचे, जीभ अगदी मागपर्यंत साफ करायची आणि गोळी जिभेवर ठेवायची. चावायची नाही, नंतर पाणीही नाही. सवयीने हात जाईल म्हणून उशाजवळचा तांब्या मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात सकाळचा तो कडवट चिकटपणा गेला. त्यात गोळीचा वाटा किती, जीभ घासण्याचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. महिन्याने गोळ्या थांबवल्या, जीभ घासणं मात्र सोडलं नाही. गोळ्या महाग आहेत. स्वच्छतेशिवाय नुसत्या घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.

परवा गोष्ट अर्धी असतानाच लेक माझ्या गालाला गाल लावून झोपली. दिवा घालवायलाही मी उठले नाही.